मदत हवी: कॉइल-कपॅसिटरच्या रेझोनन्स सर्किटमध्ये १० वॅट घालून ५८५ वॅट दिसताहेत, मोजण्यात कुठे गडबड आहे?

जाणकारांनी कृपया नजर टाकावी.

मांडणी: ५० मिमी बाहेरचा व्यास असलेला पीव्हीसी पाइप, त्यावर ०.५ मिमी इनॅमल तारेचे १०० वेढे, एकाला एक खेटून. गुंडाळीची लांबी ५५ मिमी. व्हीलरच्या सूत्राने इंडक्टन्स सुमारे ३२५ मायक्रोहेन्री येतो. सिरीजमध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला सर्किट सर्वात जोरात झुलतं ती) ८८ किलोहर्ट्झला हवा.

अडचणी:

१) आधी सिरॅमिक डिस्क कपॅसिटर लावला होता. रेझोनन्स ९६ किलोहर्ट्झला मिळाला आणि व्होल्टेज वाढवलं की आणखी वर सरकायचा. पॉलिप्रॉपिलीनचा लावल्यावर ८८ वर आला आणि तिथेच थांबला.

२) फंक्शन जनरेटरने चालवल्यावर कॉइलवर जेमतेम साडेतीनपट व्होल्टेज येतं. तारेचा रोध १.४ ओहम आहे, त्या हिशेबाने क्यू (रेझोनन्सला व्होल्टेज किती पट वाढतं तो आकडा) सव्वाशेच्या पुढे जायला हवा.

३) १२ व्होल्टच्या सप्लायवर दोन मॉसफेटचा (ट्रान्झिस्टर स्विचचा) हाफ-ब्रिज, म्हणजे आळीपाळीने चालू-बंद होणारी जोडी, लावला. सप्लायमधून ०.८१ अँपिअर, म्हणजे ९.७ वॅट जातात. कॉइलवर ४६० व्होल्ट पीक, म्हणजे ३२५ आरएमएस (डीसीइतकीच उष्णता देणारं मूल्य). ०.१ ओहमच्या शंटवरून (करंट मोजायला सिरीजमध्ये लावलेला छोटा रेझिस्टर) करंट १.८ अँपिअर. गुणाकार ५८५. हीच ती जास्तीची ऊर्जा, म्हणजे घातली त्याहून जास्त निघणारी, का? मल्टिमीटर मात्र त्याच जागी १९० व्होल्ट दाखवतो.

४) कॉइलला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की ३२५ चे २७ व्होल्ट होतात. एवढे वॅट असतील तर रेझिस्टर लालबुंद व्हायला हवा, तो कोमटसुद्धा नीट होत नाही.

मॉसफेट कधी थंड तर कधी चटका बसेल इतके गरम असतात. पुढे दुहेरी तारेची चपटी कॉइल करायची आहे, तिच्याबद्दलही सांगा.

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण धाग्याचं शीर्षक तेच आहे.

५८५ हे वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. कॉइलमधलं व्होल्टेज आणि करंट यांच्यात जवळजवळ ९० अंशांचा फरक असतो. तुमच्या कॉइलची रिअॅक्टन्स (एसीला होणारा, पण वॅट न जाळणारा अडथळा) ८८ किलोहर्ट्झला १८० ओहम आणि सर्किटचा एकूण रोध ३ ओहम धरला, तर क्यू ६० येतो. आता ५८५ ला ९.७ ने भागा. ६०. ज्याला तुम्ही जास्तीची ऊर्जा म्हणताय तो क्यूच आहे, फक्त वेगळ्या वाटेने मोजलेला. कॉइल आणखी चांगली केलीत तर गुणोत्तर १०० होईल, आणि तेव्हाही बाहेर काढता येणारा एक वॅटसुद्धा वाढलेला नसेल.

दुसऱ्या बाजूने पडताळा घ्या. करंटचं शिखर २.५५ अँपिअर, म्हणून सर्किटमध्ये साठलेली ऊर्जा अर्धा गुणिले ३२५ मायक्रोहेन्री गुणिले २.५५ चा वर्ग, म्हणजे सुमारे १ मिलिज्यूल. एवढीच. तीच ऊर्जा कॉइलमधून कपॅसिटरमध्ये आणि परत अशी सेकंदाला हजारो वेळा ये-जा करते, म्हणून आकडा डोळ्यांत भरतो. या ये-जा करण्यात ३ ओहममध्ये जी गळती होते ती १.८ चा वर्ग गुणिले ३, म्हणजे ९.७ वॅट. सप्लाय नेमकी तीच भरून काढतोय. तुमचं मोजमाप चुकलेलं नाही, उलट छान जुळलंय. अर्थ चुकीचा लावलाय.

मल्टिमीटरचं म्हणाल तर साध्या मीटरची एसी रेंज ४०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झपर्यंतच भरवशाची असते. ८८ किलोहर्ट्झला तो जे दाखवेल ते विसरून जा.

प्रतिसाद २

फंक्शन जनरेटरच्या आउटपुटला आत ५० ओहम बसलेले असतात. सिरीज सर्किटमध्ये ते तुमच्या ३ ओहममध्ये मिसळतात: १८० भागिले ५३ म्हणजे ३.४. कॉइलचा काही दोष नाही. क्यूच बघायचा असेल तर कॉइल आणि कपॅसिटर समांतर जोडा, जनरेटरची तार त्यांना न जोडता दोन वेढ्यांचं एक कडं करून कॉइलपासून काही सेंटीमीटर लांब धरा, आणि शिखराच्या ०.७०७ पट उंचीवरची दोन्ही बाजूंची फ्रिक्वेन्सी नोंदवा. रेझोनन्स फ्रिक्वेन्सी भागिले त्या दोन्हींमधलं अंतर म्हणजे क्यू.

१.४ ओहमचे ३ ओहम कसे झाले? शंट, मॉसफेट, कपॅसिटर यांचा वाटा थोडा, बाकी तार. ८८ किलोहर्ट्झला तांब्यात करंट साधारण ०.२२ मिमी खोलीपर्यंतच शिरतो. तारेची त्रिज्या ०.२५ असल्याने त्याने फार बिघडत नाही. खरा घात शेजारच्या वेढ्यांमुळे होतो. खेटलेल्या वेढ्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांचा करंट तारेच्या एका कडेला ढकलतं. वेढ्यांमध्ये एका तारेइतकी जागा सोडा, किंवा ०.१ मिमीच्या २५ पदरांची लिट्झ तार (वेगवेगळ्या इनॅमल पदरांची पिळलेली) घ्या. जागा सोडलीत तर इंडक्टन्स घटेल, सूत्रात नवी लांबी घालून कपॅसिटर पुन्हा ठरवा.

सिरॅमिकचं कोडं सोपं आहे. जास्त क्षमतेच्या डिस्कमधला पदार्थ असा असतो की व्होल्टेज चढलं की कपॅसिटन्स उतरतो, शिवाय तापमानानेही बदलतो. ९६ किलोहर्ट्झचा अर्थ असा की १० च्या जागी सुमारे ८.४ नॅनोफॅरडच उरले होते.

पॉलिप्रॉपिलीन घेतलंत ते उत्तम, पण तो एकटा ठेवू नका. डीसी व्होल्टेज छापलेला कपॅसिटर उच्च फ्रिक्वेन्सीच्या एसीला तेवढं सोसत नाही. १० नॅनोफॅरडचे चार घ्या, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर. एकूण १० नॅनोफॅरडच राहतात आणि प्रत्येकावर निम्मं व्होल्टेज, निम्मा करंट येतो. पॉलिएस्टर चुकूनही वापरू नका. त्यात दीड टक्का जरी गळती धरली तरी ५८५ व्होल्ट-अँपिअरवर ९ वॅट त्या इवल्याशा डबीतच जिरतील. फुगून फुटेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मग खरे वॅट मोजायला स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) दोन चॅनलचा, म्हणजे व्होल्टेज आणि करंटचा, गुणाकार करून सरासरी घेतली तर चालेल ना? तसं केल्यावर कधी ७०-७५ वॅट येतात, प्रोब हलवला की वेगळंच काही.

प्रतिसाद ३

नाही चालणार. क्यू ६० असताना कोन ८९ अंशांचा असतो आणि सगळे ९.७ वॅट त्या उरलेल्या एका अंशात असतात. ८८ किलोहर्ट्झला एक अंश म्हणजे ३२ नॅनोसेकंद. शंटच्या दोन टोकांच्या तारांचा इंडक्टन्स २० नॅनोहेन्री जरी असला, तरी त्याची रिअॅक्टन्स ०.०११ ओहम होते, म्हणजे ०.१ ओहमच्या शंटवर ६ अंशांहून जास्त चूक. ८९ चा कोन ८३ च्या खाली दिसतो आणि १० वॅटचे सुमारे ७४ दिसतात. तुमचे ७०-७५ तिथूनच आलेत. जास्त ऊर्जेच्या दाव्यांमागे अशी शंटची बोटभर तार असू शकते.

गुणाकाराच्या वाटेला न जाता असं करा. इनपुट डीसी बाजूला मोजा: सप्लाय, मग अँपिअरमीटर, त्यानंतर ब्रिजला अगदी लागून १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म, म्हणजे मीटरमधून सपाट करंट जाईल. आउटपुट उष्णतेने मोजा: लोडचा रेझिस्टर कार्बन किंवा मेटल फिल्मचा घ्या, तार गुंडाळलेला नको. त्याला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, तापमान स्थिर होऊ द्या आणि आकडा लिहून ठेवा. मग तोच रेझिस्टर त्याच जागी डीसीवर जोडा आणि तेवढंच तापमान येईपर्यंत व्होल्टेज वाढवा. ते डीसी वॅट म्हणजे तुमचं खरं आउटपुट. फेज, प्रोब, काही मध्ये येत नाही.

चौथा प्रश्नही यातच सुटतो. कॉइलला समांतर १ किलोओहम म्हणजे सर्किटला सिरीजमध्ये १८० चा वर्ग भागिले १०००, सुमारे ३२ ओहम दिसतात. एकूण ३५ झाले, करंट ०.१५ अँपिअरवर घसरला, व्होल्टेज २७. रेझिस्टरमध्ये पाऊण वॅट. रेझोनन्सही दीडएक किलोहर्ट्झने वर जातो, लोड लावल्यावर पुन्हा जुळवून घ्यायला विसरू नका. सर्वात जास्त वॅट हवेत तर लोड १०.८ किलोओहमचा ठेवा. तिथे सुमारे २.४ वॅट मिळतील आणि तेवढेच कॉइलमध्ये जळतील.

इतकं करूनही शंका राहिली तर सप्लायच्या जागी ४७०० मायक्रोफॅरड ठेवा, १२ व्होल्टला भरा, आउटपुट रेक्टिफाय करून (एसीचं डीसी करून) त्यातच परत सोडा आणि सप्लाय काढा. त्यात ०.३४ ज्यूल असतात. १० वॅटला ते ३४ मिलिसेकंद पुरतात. स्कोपवर व्होल्टेज उतरताना दिसेलच.

प्रतिसाद ४

मॉसफेटबद्दल कोणी बोललं नाही. फ्रिक्वेन्सी नेहमी वरून खाली आणा, ९५ पासून ८८ कडे, आणि शिखराच्या किंचित वरच थांबा. तिथे करंट व्होल्टेजच्या मागे राहतो आणि मॉसफेट शून्य व्होल्टवर चालू होतो. शिखराच्या खाली गेलात की आतल्या डायोडमधून करंट वाहत असताना समोरचा मॉसफेट चालू होतो आणि दोघेही तापतात. दोन्ही गेटमध्ये ३०० ते ५०० नॅनोसेकंदांची मोकळी वेळ (डेड टाइम, दोघेही बंद असण्याची) ठेवा. पहिली चाचणी ३ व्होल्टवर, करंट मर्यादा १ अँपिअर.

३२५ व्होल्टला हात लावायचा नाही. या फ्रिक्वेन्सीला झटका नीट जाणवत नाही, थेट भाजतं. स्कोपच्या प्रोबवर छापलेली मर्यादा बघा. १० पटीचे बरेचसे प्रोब ३०० ते ६०० व्होल्टचे असतात आणि फ्रिक्वेन्सी वाढली की ती मर्यादा उतरते. १०० पटीचा घ्या. प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते, ती कॉइल आणि कपॅसिटरच्या मधल्या सांध्याला लावायची नाही.

चपटी दुहेरी कॉइल: टेस्लाचं १८९४ चं अमेरिकी पेटंट, क्रमांक ५,१२,३४०. त्यात जास्तीच्या ऊर्जेचा दावा नाही. पहिल्या तारेचं शेवटचं टोक दुसऱ्या तारेच्या सुरुवातीला जोडलं की शेजारच्या वेढ्यांमध्ये एकूण व्होल्टेजच्या निम्मं व्होल्टेज येतं, म्हणून कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स वाढते आणि वेगळा कपॅसिटर न लावता रेझोनन्स खाली येतो. इंडक्टन्स तेवढ्याच वेढ्यांच्या साध्या चपट्या कॉइलइतकाच राहतो. मोजताना मात्र प्रोब थेट टोकाला लावू नका. तुमच्या आत्ताच्याच कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स दोन-अडीच पिकोफॅरड असेल, म्हणजे एकटीचा रेझोनन्स साधारण ५.८ मेगाहर्ट्झ, १५ पिकोफॅरडचा प्रोब टेकवला की तो २.१ वर येतो. प्रोबच्या टोकाला क्लिप जोडून छोटं कडं करा आणि ते कॉइलजवळ नुसतं धरा.