पीएफएममधला लूप खरा की पृष्ठभागाची केमिस्ट्री? कोणतं तंत्र घेऊ?

राजवाडा_रिसर्चर: नमस्कार मंडळी. इंदूरला पीएचडी करतोय. बिस्मथ फेराइट या फेरोइलेक्ट्रिकची (व्होल्टेजने ज्याचं ध्रुवीकरण उलटतं असा पदार्थ) ६० नॅनोमीटरची फिल्म, खाली इलेक्ट्रोड म्हणून स्ट्रॉन्शियम रुथेनेट. पीएफएमच्या (व्होल्टेज दिल्यावर नमुना किती हलतो ते बारीक टिपने मोजणारा मायक्रोस्कोप) टिपने ८ व्होल्ट देऊन चौकोन लिहिला, फेज (प्रतिसादाची दिशा) उलटली, व्होल्टेज वर-खाली केल्यावर प्रतिसादाचा लूपही आला. गाइड म्हणतात, असा लूप काचेवरही निघतो, व्होल्टेजने आयन सरकून पृष्ठभागाची केमिस्ट्री बदलली नाही ना, ते आधी बघ. कशाने बघू?

सराफा४२: विभागातल्या सेमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) ईडीएस (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारी जोडणी) असेलच. तेच कर, पैसे वाचतील.

सिमरोलची_ताई: ईडीएसचा नाद सोड रे. नेहमीच्या व्होल्टेजला सिग्नल मायक्रॉनभर खोलीतून येतो. तुझ्या फिल्मपेक्षा सबस्ट्रेटच जास्त दिसेल.

आधी मशीन न बदलता होणारं कर. लूप वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला घे. आयन आळशी असतात, ध्रुवीकरण चटकन उलटतं. वेग वाढवल्यावर लूप मिटत गेला तर संशय घ्यायचा. मग त्याच चौकोनावर केपीएफएम (पृष्ठभागावरचं विद्युत विभव टिपने मोजणं). तिथे चौकोन काही तासांत पुसट झाला आणि पीएफएममध्ये जसाच्या तसा राहिला, तर जीव भांड्यात पडला म्हण. तापवून क्युरी बिंदू (जिथे फेरोइलेक्ट्रिकपणा जातो ते तापमान) ओलांडायचा विचारही नको. तो ८३० अंशांच्या आसपास आहे, तोवर बिस्मथ उडून जाईल.

त्यानंतर टॉफ-सिम्स (आयनांचा मारा करून पृष्ठभागावरून उडालेले आयन वस्तुमानावरून ओळखणं). आडवं विभेदन १०० नॅनोमीटरच्या घरात, खोलीत नॅनोमीटरभर. पण ते पृष्ठभाग खरवडतं, म्हणून पीएफएम आधीच उरकून घे आणि जागेजवळ खूण कर, नाहीतर चौकोन शोधत बसशील. बिस्मथ-लोहाचं प्रमाण थेट टक्क्यांत वाचू नकोस. सिम्सची तीव्रता भोवतालच्या पदार्थावर फार अवलंबून असते. शेजारच्या न लिहिलेल्या भागाशी ताडून बघ, तेवढंच विश्वासाचं.

सराफा४२: मान्य ताई, ईडीएस मागे घेतो. एक्सपीएस (क्ष-किरणांनी बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनवरून केमिस्ट्री ओळखणं)?

सिमरोलची_ताई: चालेल, वरचे दहाएक नॅनोमीटर दिसतात. पण स्पॉट दहा-वीस मायक्रॉनचा तरी असतो, त्यामुळे चौकोन ऐसपैस लिहावा लागेल.

खंडवारोडकर: दादा, इंदूरच्याच इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषणाची (एक्झाफ्स) बीमलाइन आहे, लोहाची संयुजा चोख कळते, पण मिलिमीटरभर भागाची सरासरी. पूर्ण फिल्ममध्ये ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या असल्याची शंका असेल तरच प्रस्ताव टाक.

राजवाडा_रिसर्चर: आभारी आहे ताई, दादा. नमुना सध्या जेलच्या डबीत ठेवलाय, तसाच पाठवू?

सिमरोलची_ताई: अजिबात नको! जेलमधलं सिलिकोन पसरतं आणि सिम्समध्ये सगळीकडे तेच दिसतं. आजच काढून स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळ.