वडिलांचे १८ क्रमांकाचे स्क्वाड्रन : बंद झाले की आजही तेच चालू आहे?

देवणीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वडील हवाई दलात पंधरा वर्षे शस्त्रास्त्र विभागात एअरमन म्हणून नोकरीला होते आणि १९७१च्या युद्धाच्या काळात ते १८ क्रमांकाच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये होते, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक आहे. ते स्वतः त्याविषयी फारसे बोलत नसत. यंदा पोळ्याच्या आधी जुन्या माळवदाची डागडुजी करताना त्यांची लोखंडी पेटी खाली काढली, तेव्हा तीत ‘तीव्र और निर्भय’ असे लिहिलेली कापडी बिल्ल्याची पट्टी आणि एक काळेपांढरे छायाचित्र सापडले. छायाचित्रात एका छोट्याशा विमानापुढे अकरा जण उभे आहेत, वडील डावीकडून दुसरे आहेत आणि त्यांच्या हातात पुसायच्या कापडाचा बोळा आहे.

गावच्या शाळेने २६ जानेवारीसाठी त्यांच्यावर एक पानभर मजकूर मागितला आहे. लिहायला बसलो तेव्हा तीन गोष्टींपाशी अडलो. हे स्क्वाड्रन २०१६मध्ये बंद झाले असे एका ठिकाणी वाचले आणि ते आज तेजस विमाने उडवते असे दुसऱ्या ठिकाणी वाचले, तर हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? गावातले एक माजी सैनिक म्हणतात की बोयऱ्याची प्रसिद्ध हवाई लढाई याच स्क्वाड्रनने लढली, ते बरोबर आहे का? आणि शेवटचे म्हणजे, वडील कधी विमानात बसलेसुद्धा नव्हते. मग त्यांचे नाव त्या स्क्वाड्रनच्या इतिहासाशी जोडणे योग्य ठरेल का?

निवृत्त_सार्जंट_नांदेड

देवणीकर, आपल्या वडिलांना माझा नमस्कार. मीही जमिनीवरच्याच कामात उमेदीची वर्षे घालवली आहेत, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. स्क्वाड्रन म्हणजे केवळ वैमानिक नव्हेत. इंजिन, रेडिओ, वीज, शस्त्रे, पॅराशूट या प्रत्येक कामाची माणसे स्क्वाड्रनच्या हजेरीपटावर असतात आणि त्यांची सही झाल्याशिवाय वैमानिक विमानात चढत नाही. तेव्हा आपण निःशंकपणे लिहा.

त्यातही नॅट विमानावरचा शस्त्रास्त्र कर्मचारी म्हणजे जोखमीची जागा होती. आपल्या छायाचित्रातले छोटे विमान नॅटच असणार. ते जेमतेम ८.७ मीटर लांब, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६.७ मीटर, आणि शेपटीचे टोकसुद्धा अडीच मीटरच्या आत. उंच माणसाने हात वर केला तर जवळपास तिथे पोहोचेल. इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या बाजूंना ३० मिलिमीटरची एकेक एडन तोफ बसवलेली असे. या तोफा ऐन माऱ्याच्या वेळी अडकतात, ही तक्रार १९६५च्या युद्धापासून होती. एवढ्याशा जागेत हात घालून गोळ्यांची माळ नीट भरणे, तिला कुठे पीळ पडलेला नाही हे बोटांनी चाचपून पाहणे आणि उड्डाणानंतर तोफ उघडून स्वच्छ करणे, हे काम शस्त्रास्त्र विभागाच्या माणसांचे होते. म्हणून तो कापडाचा बोळा मला फार ओळखीचा वाटला.

आता पहिला प्रश्न. स्क्वाड्रन बंद होणे आणि ‘नंबर-प्लेट’ होणे यांत फरक आहे. जुनी विमाने निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी लगेच नवी आली नाहीत, तर माणसांच्या इतरत्र बदल्या होतात. पण स्क्वाड्रनचा क्रमांक, बोधचिन्ह, ब्रीदवाक्य आणि मिळालेले मान जपून ठेवले जातात. पुढे नवी विमाने आली की तोच क्रमांक पुन्हा जागा केला जातो. १८ क्रमांकाचे स्क्वाड्रन १५ एप्रिल १९६५ रोजी नॅट विमानांवर उभे राहिले. पुढच्या काळात त्याच्याकडे मिग-२७ आली, नोव्हेंबर २०१५मध्ये त्याला राष्ट्रपतींचे निशाण मिळाले आणि १५ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे स्थापनेच्याच तारखेला, ते नंबर-प्लेट झाले. १ एप्रिल २०२० रोजी तमिळनाडूत कोइम्बतूरजवळच्या सुलूर तळावर ते पुन्हा उभे राहिले आणि २७ मे २०२० रोजी तेजस विमानांसह कार्यरत झाले. तेजस मिळालेले ते दुसरे स्क्वाड्रन. पहिले ४५ क्रमांकाचे. राफेल विमाने आली तेव्हा अंबाल्याचे १७ क्रमांकाचे स्क्वाड्रनही असेच पुन्हा जागे केले होते. म्हणून आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तेजस उडवणारे हे स्क्वाड्रन आपल्या वडिलांचेच आहे.

अंबाजोगाईची_इतिहास_शिक्षिका

बोयऱ्याविषयी मात्र दुरुस्ती करावी लागेल. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्ध अधिकृतपणे सुरू होण्याच्याही आधी, बंगालच्या सीमेवर बोयरा येथे चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले, ते २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे काम होते. विमान तेच असल्याने आणि काळही तोच असल्याने लोकांची गल्लत होते. १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नाव काश्मीरशी जोडलेले आहे. काश्मीरविषयीच्या जुन्या करारामुळे शांततेच्या काळात श्रीनगरच्या तळावर लढाऊ विमाने ठेवली जात नसत, आणि १९७१मध्ये युद्धाच्या तोंडावर तेथे उतरून लढणारे पहिले स्क्वाड्रन म्हणून याला ‘काश्मीर खोऱ्याचे रक्षक’ अशी ओळख मिळाली. त्या वैमानिकांना ते डोंगर, तो हिवाळा आणि ती उंची यांची सवय नव्हती, हे लक्षात ठेवले तर पुढच्या प्रसंगाचे मोल नीट कळते.

१४ डिसेंबर १९७१ रोजी पेशावरहून आलेल्या सेबर विमानांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्बहल्ला केला, तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों हे दोघे सज्ज स्थितीत होते. बॉम्ब पडत असतानाच त्यांनी उड्डाण केले. घुम्मन यांची आणि सेखों यांची नजरेची साथ सुरुवातीलाच तुटली, आणि सेखों एकटे त्या सेबर विमानांशी अगदी झाडांच्या उंचीवर भिडले. अखेर त्यांचे विमान पडले आणि त्यांचा देह कधीही सापडला नाही. भारतीय हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे.

एक सूचना करते, कारण मजकूर मुलांसमोर वाचला जाणार आहे. परमवीर चक्राच्या मानपत्रात सहा सेबर विमानांचा उल्लेख आहे, आणि सेखों यांनी एकावर अचूक मारा केला व दुसऱ्याला आग लावली असे म्हटले आहे. पाकिस्तानी बाजू मात्र आपली सर्व विमाने परतली असे सांगते. युद्धातल्या दाव्यांत असा फरक नेहमीच राहतो. कुणी किती पाडली या आकड्यांत मुलांना अडकवण्यापेक्षा, बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून एक तरुण वैमानिक वर गेला आणि त्याच्या तोफा कुणीतरी थंडीत, हाताने भरून ठेवल्या होत्या, एवढे आपण लिहिले तर माझ्या मते ते जास्त पोहोचेल.

देगलूरकर

मूळ प्रश्नाला धरून फक्त एक भर. आमच्या आणि देवणीच्या बाजूला दिवसभर जेट विमानांचा आवाज येतो, तो बिदरच्या हवाई दल तळावरचा. तेथे २००८पासून हॉक विमानांवर लढाऊ वैमानिकांचे शिक्षण चालते. आज तेजस उडवणाऱ्यांपैकी काही जण शिकताना आपल्या शिवारावरून गेलेले असण्याची शक्यता बरीच आहे. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट नक्की सांगा, कारण तो आवाज त्यांच्या रोजच्या कानावरचा आहे.

देवणीकर

आपणा सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. सार्जंटसाहेबांचे उत्तर आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की त्या हिवाळ्यात दोन महिने त्यांचे पत्र आले नव्हते आणि आजी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. छायाचित्र पुन्हा नीट पाहिले. मागच्या बाजूला वडिलांच्या अक्षरात ‘श्रीनगर, जाने. ७२’ असे लिहिले आहे, आणि माणसांच्या बुटांपाशी जे मला आजवर पांढरी माती वाटत होते, ते बर्फ आहे. म्हणजे १४ डिसेंबरला ते तेथे होते, असे मी लिहू का?

निवृत्त_सार्जंट_नांदेड

नको. स्क्वाड्रनची एक तुकडी पुढच्या तळावर असते आणि उरलेली माणसे मूळ तळावर. त्यांच्या पाळ्या बदलत राहतात. जानेवारीतले छायाचित्र जानेवारीचेच सांगते. आपल्याला खात्री हवी असेल तर त्यांचा सेवाक्रमांक आणि सेवामुक्तीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडून, आईच्या सहीने, दिल्लीत सुब्रोतो पार्क येथील वायुसेना अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत करतात. मात्र उत्तर यायला वेळ लागेल, २६ जानेवारीच्या आत येईलच असे धरून चालू नका.

देवणीकर

अर्ज आज लिहून काढला, सोमवारी लातूरला जाऊन देतो. शाळेसाठीच्या पानावर मी एवढेच लिहिले आहे की वडील जानेवारी १९७२मध्ये श्रीनगरच्या तळावर १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये नॅट विमानांच्या तोफांचे काम करत होते. डिसेंबरच्या ओळीसाठी खाली जागा मोकळी ठेवली आहे.