मदत हवी आहे: पायथॉन लॉगच्या नोंदी एका मेलमध्ये गोळा करून कशा पाठवायच्या?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या एका शीतगृहासाठी छोटा पायथॉन प्रोग्रॅम सांभाळतो. मृग बहाराची संत्री ठेवतात, तापमान ६ ते ७ अंशांत राहायला हवं. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) दर मिनिटाला प्रत्येक खोलीचे सेन्सर वाचतो आणि काही बिघडलं की पायथॉनच्या लॉगिंग मॉड्यूलमधल्या एसएमटीपीहँडलरने (नोंदी मेलने पाठवणारा भाग) मालकांना मेल जातो.

हा हँडलर एका नोंदीला एक मेल पाठवतो, तिथेच सगळा घोळ आहे. एखादी वायर ढिली झाली की दर मिनिटाला "खोली ३: सेन्सर उत्तर देत नाही", म्हणजे तासाला ६० मेल. मालक सकाळी कळमना बाजारात लिलावात उभे, अन् खिशातला फोन सारखा वाजतोय. परवा म्हणाले, "तुमचे मेल म्यूट करून टाकले बा मी." म्हणजे उद्या तापमान खरंच चढलं तरी त्यांना पत्ता लागणार नाही.

म्हणून मधे मेमरीहँडलर (नोंदी मेमरीत साठवून मग पुढे देणारा) टाकला, क्षमता ५० ठेवली, टार्गेट एसएमटीपीहँडलर. तरी एररचे मेल पूर्वीसारखेच, लगेच आणि सुटे. वॉर्निंग मात्र ५० होईपर्यंत थांबतात आणि मग ५० मेल एका दमात येतात! मला १५ मिनिटांच्या सगळ्या नोंदी एकाच मेलमध्ये हव्यात. ५८७ पोर्ट, टीएलएस, जीमेलचा ॲप पासवर्ड हे सगळं नीट चालतंय, अडचण तिथे नाही.

प्रतिसाद १

भाऊ, मेमरीहँडलर नोंदी साठवतो, जोडत नाही. फ्लश झाला, म्हणजे साठा रिकामा करायची वेळ आली, की बफरमधली (साठ्यातली) एकेक नोंद टार्गेटच्या हातात देतो, आणि टार्गेट आपला एकेक मेल टाकत बसतो. शिवाय त्याची फ्लशलेव्हल, म्हणजे कोणत्या पातळीच्या नोंदीला लगेच फ्लश करायचं ती, मुळात एरर असते, त्यामुळे तुमच्या प्रत्येक एररला बफर तिथल्या तिथे रिकामा होतो.

मेमरीहँडलरवरूनच स्वतःचा क्लास काढा आणि फक्त फ्लश बदला. बफरमधल्या नोंदी फॉरमॅट करून ओळीखाली ओळ लावायच्या, एसएमटीपीलिबने (पायथॉनची मेल पाठवणारी लायब्ररी) एकच मेल पाठवायचा, गेला की मगच बफर साफ. टार्गेट लागत नाही, पण फॉरमॅटर याच क्लासला द्या, नाहीतर वेळेचा रकाना येणार नाही. फ्लशलेव्हल क्रिटिकल करा आणि क्रिटिकल फक्त तापमान चढल्यावर वापरा. ढिली वायर १५ मिनिटं थांबू शकते, संत्री नाही. विषयात खोलीचा नंबर आणि नोंदींची संख्या घाला. मेल न उघडता कळलं पाहिजे.

धागाकर्ता

एकच मेल येतोय आता, धन्यवाद दादा! पण १५ मिनिटांचं काय? शुडफ्लशमध्ये (आता फ्लश करायचा का ते ठरवणारं फंक्शन) घड्याळ तपासतोय, तर रात्री शेवटच्या दोन-तीन नोंदी सकाळपर्यंत अडकून राहतात. आणि लाइन गेली तर बफरमधलं सगळं जातं का? उन्हाळ्यात इथे लाइनचा काही भरवसा नाही.

प्रतिसाद २

शुडफ्लश नवी नोंद आली तरच तपासला जातो. रात्री नोंदच नाही, मग घड्याळ बघणार कोण? तुमचा मुख्य लूप दर मिनिटाला फिरतोच आहे, तिथूनच वेळ पाहून फ्लश बोलवा, वेगळा थ्रेड कशाला. बफर रिकामा असेल तर मेल नको, एवढी अट घाला. एसएमटीपीला १० सेकंदांचा टाइमआउट द्या, नाहीतर नेट लटकलं की सेन्सर वाचणंही लटकेल.

लाइन गेली तर बफर गेलाच. प्रोग्रॅम नीट बंद झाला तर लॉगिंग स्वतः शेवटचा फ्लश करतं, पण सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस थांबवताना सिगटर्म, म्हणजे बंद हो असा सिग्नल, येतो, आणि तो स्वतंत्र पकडला नाही तर पायथॉन फ्लश न करताच मरतो. तेव्हा सिगटर्म पकडा, आणि जोडीला साधा फाइलहँडलर लावा. खरा लॉग फाइलमध्ये, मेल फक्त मालकांच्या माहितीसाठी.

एक राहिलं: मेल गेला नाही तर ती तक्रार याच लॉगरवर टाकू नका. फसलेल्या मेलची नोंद पुन्हा मेलच्याच बफरमध्ये येईल. ती थेट फाइलमध्ये जाऊ द्या.

धागाकर्ता

सिगटर्मचं डोक्यातच नव्हतं. आज संध्याकाळी सर्व्हिस थांबवून बघतो आणि खोली ३ ची वायर मुद्दाम काढून ठेवतो. मालकांना आधी म्यूट काढायला लावावं लागेल, ते जास्त अवघड दिसतंय.