थारच्या खालच्या पत्र्यावर खडीचे टवके : सिरॅमिक, पीपीएफ की चिप गार्ड?

मुरूमवाट_१३ :
नमस्कार मंडळी. तीन दारांची थार, काळा रंग, आठ महिने झाले. रोज सोलापूर–बार्शी रस्ता आणि पुढे शेतापर्यंत ६ किलोमीटर मुरूम-खडीचा रस्ता. दोन्ही दारांच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या पुढच्या पत्र्यावर बारीक टवके उडालेत. बॉनेटच्या पुढच्या कडेला तीन टवके आहेत, त्यातल्या एकात पत्रा दिसतोय आणि तांबूस डाग धरलाय. टायर २६५ चे एटी (ऑल-टेरेन), रिम कंपनीच्या नाहीत, ऑफसेट कमी असलेल्या. एक जण म्हणतो सिरॅमिक कोटिंग करा, दुसरा म्हणतो अख्ख्या गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावा, गॅरेजवाला म्हणतो खालून चिप गार्ड, म्हणजे रबर कोटिंग मारून घ्या. बजेट २५ हजार. नेमकं कुठे काय लावावं?

चाकाचा_हिशेब :
आधी दगड येतो कुठून ते ठरवा. तुमच्या गाडीवर दोन वेगळे मार आहेत. बॉनेटवरचे टवके पुढच्या किंवा समोरून येणाऱ्या गाडीने उडवलेल्या खडीचे. दाराखालचे आणि मागच्या चाकापुढचे तुमच्याच पुढच्या टायरने फेकलेल्या खडीचे. दोन्हींचा इलाज एक नाही, म्हणून तिघांनी तीन सल्ले दिलेत.

सिरॅमिक या कामाचं नाही. कंपनीचा रंग प्रायमरपासून क्लिअरपर्यंत साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो. सिरॅमिकचा थर त्यावर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी निथळतं, धुणं सोपं होतं, चमक राहते, पण दगडाला तो अडवत नाही.

तुमचं मूळ दुखणं रिममध्ये आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर. तो जितका कमी, तितकं चाक बाहेर : ४० ऐवजी १० असेल तर प्रत्येक बाजूला ३० मिलिमीटर. त्यात टायर रुंद. म्हणजे टायरची बाहेरची कड चाकावरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कमानीबाहेर जाते आणि तिथली खडी थेट दारावर बसते. कमानीच्या कडेवरून ओळंबा सोडून बघा. टायर बाहेर दिसला तर आधी रुंद कमान किंवा योग्य ऑफसेटची रिम, बाकी सगळं नंतर.

त्यानंतर मडफ्लॅप. ५-६ मिलिमीटर जाडीचं, लवचिक पण उभं राहणारं रबर घ्या. रुंदी टायरपेक्षा बाहेरच्या बाजूने २-३ सेंटिमीटर जास्त. पुढचा फ्लॅप लावताना स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर घासत नाही ना ते बघा. खालची कड जमिनीपासून १८-२० सेंटिमीटरवर ठेवा. त्याहून खाली आणला तर रिव्हर्स घेताना बांधावर टायरखाली सापडतो आणि फेंडरचा पत्रा ओढून वाकवतो. बोल्टखाली रुंद वॉशर हवाच, नाहीतर रबर भोकातून फाटतं. पत्र्याला नवं भोक पाडलंत तर त्याच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट कसू नका, गंजाची सुरुवात तिथूनच होते.

फ्लॅप पुरतोय का हे बघायला दाराच्या खालच्या भागावर मास्किंग टेपच्या उभ्या पट्ट्या चिकटवा आणि तुमच्याच ६ किलोमीटरवर एक फेरी मारा. टेप जिथे टोचलेली, फाटलेली दिसेल तेवढाच भाग झाकायचा आहे.

आणि खडीवर वेग. माराचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ४० ने गेलात तर तो निम्म्याहून कमी होतो. हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नका, बॉनेटचे टवके तिथेच उडतात.

पत्रा_प्रायमर :
वरच्या भाऊंशी सहमत. आता खालच्या पत्र्याचं सांगतो.

गॅरेजवाला ‘रबर कोटिंग’ म्हणतो तेव्हा डबा बघून घ्या. डांबरी जातीचं अंडरबॉडी कोटिंग फक्त गाडीच्या पोटाला. ते दाराखाली मारलं तर सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात मऊ पडतं, धूळ धरतं, कपड्याला लागतं आणि त्यावर रंगही धरत नाही. दिसणाऱ्या पत्र्यावर दोन घटकांचं पॉलियुरेथेन लायनर घ्या, पिकअपच्या हौद्याला मारतात त्या जातीचं. काळ्या गाडीवर काळं खपून जातं.

थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. दोन चाकांमधली उघडी पट्टी साधारण दीड-पावणेदोन मीटर, उंची २५ सेंटिमीटर धरा. मागच्या चाकाजवळचा भाग मिळून दोन्ही बाजूंचं क्षेत्र एक चौरस मीटरच्या आसपास. एक लिटरच्या किटमध्ये दोन हातांत सव्वा चौरस मीटर निघतं, एक किट पुरेल.

आधी धुणं, मग सिलिकॉन रिमूव्हर, आणि त्यानंतरच २४० चा पॉलिश पेपर. हा क्रम उलटा केलात तर पॉलिशमधलं मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि कोटिंग सहा महिन्यांत पापुद्र्यासारखं सुटतं. चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं, कोपऱ्यात लाल स्कॉचब्राइट (खरखरीत घासणी). जिथे पत्रा उघडा पडला तिथे इपॉक्सी प्रायमर. मास्किंग टेपची रेघ पत्र्याच्या मूळ घडीवर धरा, सपाट भागात मधेच तोडली तर ठिगळ दिसतं.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. त्यांत टेपची सुरळी घालून ठेवा आणि मारून झाल्यावर काढा. ही भोकं बुजली तर पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून कुजतो. खडीचे शंभर टवके परवडले.

मिश्रण सहसा तीन भाग लायनरला एक भाग हार्डनर, पण तुमच्या डब्यावर लिहिलेलंच प्रमाण धरा. शुट्झ गनला (जाड कोटिंग फवारायची गन) ३ ते ४ बार दाबाची हवा, अंतर ३०-४० सेंटिमीटर. पहिला हात विरळ, तासाभराने दुसरा भरीव. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मारा आणि अर्धं-अर्धं किट कालवा, उष्णतेत माल डब्यातच घट्ट होतो. कोटिंग ओलसर असतानाच टेप ओढा. वाळल्यावर ओढलीत तर कड फाटते. पूर्ण कडक व्हायला सात दिवस, तोवर खडीवर नेऊ नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं : धुळीचा मास्क चालत नाही, कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर घाला.

हे कोटिंग परत सोलून काढता येत नाही, घासूनच काढावं लागतं. म्हणून घडीच्या वर नेऊ नका.

मुरूमवाट_१३ :
मनापासून आभार. ओळंबा सोडून बघितला, टायर जवळपास २५ मिलिमीटर बाहेर आहे. मग बॉनेटला काय? आणि तो तांबूस टवका तसाच ठेवून वर फिल्म लावली तर चालेल का?

फिल्म_आणि_फवारा :
नाही चालणार. गंज फिल्मखाली पसरत राहतो आणि काळ्या रंगावर खड्डाही स्पष्ट दिसतो. आधी टवका भरा.

सावलीत, पत्रा गार असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुईच्या टोकाने गंज आणि सुटलेली कड खरवडा, तांबूसपणा राहता कामा नये. रस्ट कन्व्हर्टरचा थेंब, डब्यावरच्या वेळेनंतर पुसणं. मग टूथपिकच्या टोकाने इपॉक्सी प्रायमर. बाटलीतला ब्रश वापरू नका, तो गरजेपेक्षा दसपट रंग सोडतो. कंपनीच्या कोडचा रंग तीन-चार पातळ थरांत, दोन थरांमध्ये अर्धा-पाऊण तास. शेवटी क्लिअर, केसभर वर येईपर्यंत. एकाच जाड थेंबात भरलंत तर वरची साय लगेच वाळते, थिनर आत अडकतो आणि आठवड्याने थेंब खोल बसतो. आठवड्याने २५०० चा पेपर पेन्सिलच्या रबरी टोकावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात, फक्त उंचवटा घासा. मग कंपाउंडने पॉलिश. फिल्म त्यानंतर आणखी आठवड्याने. पूर्ण पॅनल रंगवला असेल तर मात्र किमान महिनाभर थांबा, नाहीतर रंगातला वायू फिल्मखाली बुडबुडे करतो.

२५ हजारांत अख्खी गाडी चांगल्या फिल्मने होत नाही, आणि गरजही नाही. पूर्ण बॉनेट, आरशांची पाठ आणि ए-पिलर (पुढच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब) एवढं घ्या. बॉनेटची अर्धी पट्टी लावू नका : कडेला धूळ रेघ धरते आणि दोन वर्षांनी झाकलेला-उघडा रंग वेगळा दिसतो.

फिल्म टीपीयूचीच (लवचिक पॉलियुरेथेन), १५० ते २०० मायक्रॉन. पीव्हीसी स्वस्त असते, पण आपल्या उन्हात पिवळी आणि ठिसूळ होते, काढताना तुकडे पडतात. दुकानदाराकडून तुकडा घेऊन ताणून बघा, टीपीयू परत जागेवर येतं. बारीक ओरखडा पाडून गरम पाणी ओता, टीपीयूच्या वरच्या थरात तो भरून येतो.

लावणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. पाणी कुठलं? बोअरचं क्षारी पाणी वापरलं तर फिल्मखाली पांढरे ठिपके राहतात. आरओ किंवा डिस्टिल्ड हवं, लिटरला बेबी शाम्पूचे मोजके थेंब. जागा कुठली? बंद खोली, ओली फरशी. उघड्यावर पाणी सरकवण्याआधीच उडून जातं. आणि कापणार कुठे? बॉनेटवर ब्लेड चालवणार असेल तर दुसरं दुकान बघा. साच्यावर कापलेली फिल्म किंवा दोऱ्याची टेप (आतला दोरा ओढून फिल्म कापणारी) वापरणारा शोधा.

पहिले सात दिवस धुऊ नका. नंतर प्रेशर वॉशरचं नोझल कडेपासून हातभर लांब.

पत्रा_प्रायमर :
एक भर. रुंद कमान बसवलीत तर तिच्या आणि पत्र्याच्या मधे रबरी बीडिंग घाला आणि ज्या कडेला प्लॅस्टिक टेकतं तिथे आधी फिल्मची अर्ध्या इंचाची पट्टी लावा. काळ्या मातीची कच त्या फटीत शिरली की गाडीच्या थरथरीने पॉलिश पेपरसारखी घासते आणि कमान काढल्यावर उघडा पत्राच दिसतो. पावसाळ्यात दर धुण्याला ती फट पाइपने आतून बाहेर धुवा.