मदत हवी आहे: लुक अप, लुक डाउन, लुक ओव्हर... (तातडीचं)

खिडकीतली
नमस्कार मंडळी. लुक, ग्लान्स, पिअर, स्टेअर, गेझ यांच्यापुढे अप, डाउन, ओव्हर, बॅक यांतलं काय कधी लावायचं, ते एकदाच कोणीतरी नीट सांगा. नेटवर नुसत्या याद्या आहेत. उद्या दुपारी काम द्यायचंय. आणि कृपया 'डिक्शनरी बघा' म्हणू नका, बघून झाली.

पावणेदहाची लोकल
पाठच करावं लागतं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक इन्टू म्हणजे चौकशी करणे. बँकेच्या परीक्षेला मी रोज दहा करायचो. दोन महिन्यांत हात बसला.

खिडकीतली
दोन महिने कुठून आणू? आणि ते नकोय हो. खरोखरची नजर वर-खाली जाते, ते हवंय.

सातासमुद्रापार
काम म्हणजे नक्की काय? इंग्रजीतून मराठीत की उलट? वाचणारे ब्रिटिश की अमेरिकन? आमच्याकडे इंग्लंडात 'लुक राउंड' आणि 'लुक आउट ऑफ द विंडो' चालतं. अमेरिकेत 'अराउंड', आणि खिडकीतला 'ऑफ' सर्रास गाळतात.

निवृत्त मास्तर
आधी पाया पक्का करा, ताई. शब्दकोशात शब्द पाहायचा असेल तर 'लुक अप द वर्ड'. धुरांड्यात खालून वर पाहायचं असेल तर 'लुक अप द चिमनी'. दिसायला जुळी भावंडं. आता नामाच्या जागी 'इट' घालून बघा. शब्दाचं होतं 'लुक इट अप', धुरांड्याचं होतं 'लुक अप इट'. 'इट' मध्ये शिरला की समजायचं, तिथला 'अप' क्रियापदाला चिकटलेला आहे. ३१ वर्षं मुलांना हेच शिकवलं.

ताकभात
तो जुना विनोद आठवला. आगगाडीत एकजण ओरडतो 'लुक आउट!' आणि पाहुणा खिडकीतून डोकं बाहेर काढतो.

खिडकीतली
मास्तर, धुरांडं नाहीये माझ्याकडे, चाळ आहे. मराठी कथेचं इंग्रजी करतेय. संपादक बाईंनी पहिलंच पान लाल करून परत पाठवलंय. जिन्याखालून 'त्याने वर माझ्याकडे पाहिलं', याचं मी केलं 'ही लुक्ड मी अप'. शेरा: 'पत्ता शोधत आला का?' 'काकूंनी गॅलरीतून वाकून आमच्याकडे पाहिलं' याचं केलं 'आंटी बेन्डिंग लुक्ड डाउन ऑन अस'. शेरा: 'इतका तिरस्कार का?' 'त्याने वळून पाहिलं' म्हणजे 'टर्निंग ही सॉ बॅक'. त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. आणि 'आजीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं' याचं 'ग्रँडमदर सॉ मी ओव्हर द स्पेक्टॅकल्स'. तिथे आख्ख्या ओळीवर काट.

सातासमुद्रापार
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत! आधी दिशा, मग 'ॲट', मग माणूस. लुक्ड अप ॲट मी, डाउन ॲट अस, अक्रॉस ॲट हर, बॅक ॲट देम. माणूस मध्ये आणलात की अर्थ पळतो. 'लुक्ड मी अप' म्हणजे मला हुडकून भेटायला आला. 'लुक्ड मी अप अँड डाउन' म्हणजे आपादमस्तक न्याहाळलं. काकूंना 'डाउन ॲट' द्या, 'डाउन ऑन' नको.

निवृत्त मास्तर
'डाउन ऑन' चुकीचं नाही. डोंगरमाथ्यावरून गावाकडे पाहताना इंग्रज तेच म्हणतो.

सातासमुद्रापार
गाव रुसत नाही, मास्तर. माणसाच्या बाबतीत आधी अपमानच ऐकू येतो.

पावणेदहाची लोकल
आणि गॅलरी नको, बाल्कनी लिहा. तिकडे गॅलरी म्हणजे चित्रं टांगायची जागा.

खिडकीतली
ते केव्हाच बदललं. विचारलंय काय, सांगताय काय!

अनुस्वार
इथे मराठीची सवय आडवी येतेय. आपण मुख्य क्रियापद 'पाहिलं' एवढंच ठेवतो आणि वाकून, वळून, मान वर करून हे सगळं त्याच्याआधी सांगतो. इंग्रजी दिशा त्या एवढ्याशा 'अप'-'बॅक'वर टाकतं, मग क्रियापद मोकळं राहतं. त्यात कसं पाहिलं ते भरायचं. ओझरतं पाहिलं तर ग्लान्स, टक लावून स्टेअर, तंद्रीत किंवा कौतुकाने गेझ. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची अशी वाटणी केली आहे, दिशा क्रियापदात की क्रियापदाबाहेर. त्याचा गाजलेला लेख १९८५चा. तुमच्या 'वळून पाहिलं'ला 'ही लुक्ड बॅक' पुरे, वळणं त्यात आलं. काकूंचं वाकणं मात्र दिसायला हवं, तर 'लीन्ड ओव्हर द रेलिंग अँड लुक्ड डाउन ॲट अस'.

ताकभात
मग 'सॉ बॅक' का नाही? सॉ म्हणजेही पाहिलं ना?

अनुस्वार
लुक म्हणजे बघणं, सी म्हणजे दिसणं. 'वर बघितलं, पण काही दिसलं नाही' असं आपणही म्हणतो. नजर बघताना वळते, दिसताना नाही. सीला दिशा लागते तेव्हा बहुधा समोरचा माणूस हलत असतो. आपण स्टेशनवर सी-ऑफ करायला जातो ना? नजर फलाटावरच, जाते ती मावशी. 'सी हिम आउट' म्हणजे त्याला दारापर्यंत पोचवणं.

पावणेदहाची लोकल
ग्लान्सवरून आठवलं, लेग ग्लान्स! चेंडूकडे ओझरतं बघून मारतात म्हणून ते नाव. रणजितसिंहांचा फटका. १८९६ साली इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत नाबाद १५४.

अनुस्वार
उलटं आहे. ग्लान्सचा जुना अर्थ तिरकं लागून घसरत जाणं. नजरेला तो नंतर लागला. बॅटवरून घसरलेला चेंडू म्हणजे मूळ ग्लान्स.

नुसताच वाचक
अवांतर: पुण्यात 'बघणे' म्हणतात की 'पाहणे'? आमच्या नागपूरकडे 'पाह्य ना' एवढ्यात सगळं भागतं.

निवृत्त मास्तर
लेखी भाषेत पाहणे. बघणे बोलण्यात.

ताकभात
कोणी ठरवलं? आम्ही तर मुलगी 'बघायला' जातो आणि वाट 'पाहतो'.

खिडकीतली
अहो, यासाठी दुसरा धागा काढा ना! माझी आजी राहिली.

सातासमुद्रापार
'पिअर्ड ॲट मी ओव्हर हर ग्लासेस'. डोळे झाकून लिहा.

अनुस्वार
पिअर नको. पिअर म्हणजे नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून पाहणं. आजी चष्म्यावरून पाहते ती जोखायला, तिला सगळं स्वच्छ दिसत असतं. साधं 'लुक्ड ॲट मी ओव्हर हर ग्लासेस' करा. सगळा रुबाब त्या 'ओव्हर'मध्ये आहे.

सातासमुद्रापार
साधं म्हणजे सपाट. सबंध पानावर लुक्ड, लुक्ड, लुक्ड. संपादक बाई पुन्हा लाल करतील.

अनुस्वार
तीन लुक्डने कोणी मरत नाही. पिअरने मात्र आजी आंधळी होईल.

खिडकीतली
थांबा, भांडू नका. आजीला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. कथेत तिसऱ्याच ओळीत आलंय ते.

अनुस्वार
मग पिअरच. पण ताई, हे आत्ता सांगताय?

खिडकीतली
मला वाटलं, चष्म्यावरून कळेल.