तोल जातो तेव्हा

ताई, पडायच्या भीतीने आईंनी अंगणात जाणंही सोडलंय हे वाचून राहवलं नाही. तोल सांभाळतात डोळे, आतला कान आणि पावलांची जाणीव. मधुमेहामुळे माझे तळपाय बधिर, वर रात्रभर आग. त्यामुळे तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी हेलकावतेच. आता एक तळहात भिंतीला टेकवूनच तोंड धुते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलते, हे फिजिओथेरपिस्टने शिकवलं. दुखणं आहेच. पण संध्याकाळी नातीशी फोनवर भेंड्या रंगल्या की तेवढा वेळ पायांची आठवणही येत नाही, आणि त्या अर्ध्या तासाची मी दिवसभर वाट बघते. आईंना आधी तुळशीपर्यंतच न्या. तुम्ही त्यांचा हात धरू नका, त्यांना तुमचा दंड धरू द्या.