आईंना बेंगळुरूला न्यायचंय, कुठलं मशीन घेऊ?

सेक्रेटरी (ए-२०१), रविवार स. ९.०५
सूचना : बी विंगची लिफ्ट गुरुवारी स. १० ते दु. ४ बंद राहील. रोप बदलायचा आहे. सहकार्य करावे 🙏

बी-५०३, ९.४०
नमस्कार. घरगुती विषय आहे, पण इथे कुणाला तरी माहीत असेल म्हणून विचारते. आमच्या सासूबाईंना सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट, दम लागण्याचा आजार. विडी-सिगारेट कधी नाही, पण निफाडकडे चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. महिन्याभरापासून घरी पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. डॉक्टरांनी दिवसाचे निदान १५ तास लावायला सांगितलंय, बसल्या जागी मिनिटाला २ लिटर, चालताना ३. आता बेंगळुरूला पणतूचं बारसं आहे, बावीस दिवसांनी. आई म्हणतात, सोन्याची फुलं उधळायची तर मी तिथे हवी. पोर्टेबल मशीन बघतेय. ऑनलाइन ३५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत दिसतंय. फरक कशाचा?

ए-००२ मावशी, ९.५२
अगं, कापूर, ओवा आणि लवंगेची पोटली करून हुंगायला दे. ऑक्सिजन वाढतो. मी फॉरवर्ड करते.

सी-२०१ फिजिओ ताई, ९.५५
मावशी, तो फॉरवर्ड २०२१ पासून फिरतोय. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि आधीच दम असलेल्या माणसाला कापूर हुंगायला देऊ नये.

ए-००२ मावशी, ९.५६
बरं बाई.

सी-१०३ नाना, १०.१०
वहिनी, विकत कशाला घेता? आमच्याकडे माळ्यावर एक कॉन्सन्ट्रेटर पडून आहे. एप्रिल २०२१ मध्ये घेतलं होतं, तेव्हा कोविडमध्ये नाशिकला काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवतंय. महिनाभर वापरलं, तेव्हापासून खोक्यात. घेऊन जा.

ए-४०४, १०.२२
नाना, मन मोठं आहे तुमचं, पण थांबा. मी हॉस्पिटलातली हीच मशिनं दुरुस्त करतो. आत झिओलाइटचे दाणे असतात. मशीन खोलीतली हवा दाबाने त्यातून ढकलतं, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाहेर पडतो तो ९० ते ९५ टक्के. पण हे दाणे ओल पण तितक्याच आवडीने धरतात. चार-पाच पावसाळे माळ्यावर काढलेलं मशीन सुरू होईल, घरघर करेल, नळीतून वारंही येईल. त्यात ऑक्सिजन किती, ते अ‍ॅनालायझर लावल्याशिवाय कळणार नाही. संध्याकाळी येऊन मोजून देतो.

सी-१०३ नाना, १०.२५
ये. चहा टाकतो.

बी-५०३, १०.३१
आणि नानांचं मशीन १४-१५ किलोचं असणार ना? आमचंही तसलंच आहे. विमानात कसं नेणार?

ए-४०४, १०.४०
नाहीच नेता येणार. आता ३५ हजारवाल्याबद्दल. '१ ते ७ लिटर' लिहिलेली छोटी डबी असेल, प्लगवर चालणारी. १ लिटरला ९० टक्के देते, बटण ७ वर नेलं की शुद्धता ३०-४० टक्क्यांवर घसरते. दूध तेवढंच, पाणी वाढवत न्यायचं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचतं कोण. ते सोडून द्या.

बी-१०४, १०.५८
वहिनी, माझ्या वडिलांसाठी आम्ही यातून गेलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

खरी बॅटरीवाली पोर्टेबल मशिनं दोन जातीची. एक पल्स. श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा फुसका सोडते. दुसरी सलग सोडणारी, घरच्या मशीनसारखी. पल्सवाली सव्वादोन किलोच्या आसपास, खांद्याला अडकवता येते. सलग दोन लिटर देणारी साडेचार-पाच किलोची, आणि तीन लिटर सलग हवं तर आठ किलोच्या घरात, चाकांवर ओढत न्यायची.

आम्ही पल्स घेतली. दुकानदाराने विचारलं, डॉक्टरांनी किती सांगितलंय? दोन. मग दोनवर ठेवा. ठेवलं. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेससाठी प्लॅटफॉर्मचा पूल चढताना वडील अर्ध्यात खाली बसले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८१. मशीन व्यवस्थित चालू, हिरवा दिवा लागलेला.

त्या मशीनवरचा दोन म्हणजे दोन लिटर नव्हेच. तो नुसता नंबर आहे, पंख्याच्या रेग्युलेटरवर असतो तसा.

बी-५०३, ११.०१
हे मला कुणीच सांगितलं नाही. तीन दुकानांत फोन केला.

ए-४०४, ११.१५
बरोबर सांगतायत भाऊ. आकडाच बघा. इनोजेन वन जी-फाइव्ह हे पल्सचं एक मॉडेल आहे, १ ते ६ सेटिंग. एकवर मिनिटाला २१० मिलिलिटर, तीनवर ६३०, सहावर १२६०. म्हणजे बटण पूर्ण फिरवलं तरी मिनिटाला सव्वा लिटर.

सी-१०३ नाना, ११.१७
मग ही तर फसवणूक झाली.

सी-२०१ फिजिओ ताई, ११.३०
नाही नाना. आपण श्वास सोडत असतो तेव्हा घरच्या मशीनचा ऑक्सिजन खोलीत वाया जातो. श्वासाच्या सुरुवातीला आत गेलेला भागच फुफ्फुसात खोल पोचतो, पल्स मशीन नेमकं तेव्हाच सोडतं. म्हणून कमी देऊनही काम भागतं. बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा पुरतं.

अडचण चालताना येते. यातल्या बऱ्याच मशिनांचा मिनिटाचा कोटा ठरलेला असतो. तीनवर ६३० मिलि. आई शांत बसून मिनिटाला १५ श्वास घेतात तेव्हा प्रत्येकाला ४२ मिलि. जिना चढताना ३० श्वास झाले की प्रत्येकाला २१. गरज वाढली तेव्हाच फुसका निम्मा. बी-१०४ च्या काकांचं पुलावर हेच झालं असणार.

त्यामुळे माझं एकच सांगणं. मॉडेल कुठलं हे ग्रुपला विचारू नका, दुकानदारालाही नको. मशीन ट्रायलला आणा, आईंच्या नाकाला लावा, आणि त्यांना चालवा. सहा मिनिटं, बोटाला ऑक्सिमीटर. नेलपेंट असेल तर काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा, नाहीतर आकडा खोटा येतो. विकत घ्यायच्या आधी ट्रायल द्यायला तयार नसेल त्या दुकानातून घ्यायचंच नाही.

बी-५०३, ११.३४
ट्रायल मिळते?

बी-१०४, ११.३६
मिळते. गोळे कॉलनीतल्या औषध बाजारात चौकशी करा, तिथून पुढे डीलरचे नंबर मिळतात. काही जण महिन्याच्या भाड्यानेही देतात. आम्ही शेवटी तेच केलं असतं तर बरं झालं असतं.

सी-३०२, ११.५०
तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा स्प्रे कॅन नाही का चालणार? ट्रेकवाले नेतात. हजाराच्या आत येतो.

ए-४०४, ११.५३
दहा लिटरचा कॅन, मिनिटाला दोन लिटर लागतात. पाच मिनिटं. मुंबई नाक्याचा सिग्नलसुद्धा पार होणार नाही 😄

सेक्रेटरी (ए-२०१), १२.०५
साधा छोटा सिलिंडर?

बी-१०४, १२.२०
रेल्वेत पेशंटला डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर ऑक्सिजन सिलिंडर नेता येतो. विमानात स्वतःचा भरलेला सिलिंडर चालत नाही, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालतं. पण त्यालाही कागद आहेत. आम्ही ओझर विमानतळाहून गेलो तेव्हाचं सांगतो. एअरलाइनचा मेडिफ नावाचा फॉर्म असतो, तो डॉक्टर भरतात. त्यात मशीनचं मॉडेल, सेटिंग, विमानात लागेल का, सगळं. आम्हाला ४८ तास आधी मागितला होता. तुम्ही तिकीट काढायच्या आधीच फोन करा, मॉडेल सांगा आणि होकार मेलवर घ्या. तोंडी होकार काउंटरवर चालत नाही.

बॅटरीचं गणित नीट करा. विमानाचे दोन तास धरू नका. घरातून ओझर, तिथलं बसणं, उड्डाण, तिकडची बॅग, मग बेंगळुरूचं ट्रॅफिक. सहा तास सहज. आमच्याकडे एअरलाइनने त्याच्या दीडपट बॅटरी मागितली होती, म्हणजे नऊ तासांची सोय. ब्रोशरमधले साडेसहा तास हे सेटिंग एकचे असतात. तीनवर निम्म्याच्या आसपास येतात. म्हणजे स्पेअर बॅटरी लागणारच, ती किमतीत धरा. मला मशीनचा भाव सांगितला होता, बॅटरीचा नंतर कळला.

ए-४०४, १२.२८
बॅटरीवर वॉट-अवर (किती वीज साठते ते) छापलेले असतात ते बघून ठेवा. १०० च्या आत असेल तर कटकट नाही. १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी आणि स्पेअर दोनच. स्पेअर बॅटरी केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. टोकांना टेप लावा. ओझरपर्यंत गाडीतल्या सॉकेटवर मशीन चालवा, म्हणजे बॅटरी भरलेलीच राहील.

सी-२०१ फिजिओ ताई, १२.३५
आणि डॉक्टरांना विचारा, विमानात सेटिंग किती. केबिनमधली हवा आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ होऊ शकते. आपलं नाशिक दोन हजारच्या आसपास. इथे ९० असणारा माणूस वर गेल्यावर खाली घसरतो.

ए-००२ मावशी, १२.४०
आठ हजार! सप्तशृंगी गड किती मग?

सी-२०१ फिजिओ ताई, १२.४२
चार हजारच्या वर. तिथे ट्रॉलीने नेऊ आईंना मावशी, आधी बारसं होऊ दे.

बी-५०३, १२.५०
एक विचारायचं राहिलं. पोर्टेबल घेतलं तर घरचं मोठं परत करू? खोलीत जागा अडते आणि आवाजही आहे. लाइट बिल पण.

ए-४०४, १२.५८
नका करू. मोठं मशीन ३५० वॉटच्या आसपास खातं, १५ तासांचे सव्वापाच युनिट. बिल वाढेल हे खरं. पण रात्रभर रोज चालायला तेच बनवलंय. छोट्याच्या बॅटरीला आणि आतल्या दाण्यांना आयुष्य आहे, ते रोज रात्री कशाला घालवता?

सी-२०१ फिजिओ ताई, १.०४
झोपेचं वेगळंही कारण आहे. झोपेत श्वास उथळ होतो, काही जण तोंडाने घेतात. पल्स मशीनला नाकातली ओढ जाणवली नाही तर ते फुसका सोडतच नाही. रात्री पल्स वापरायचं तर डॉक्टरांनी झोपेत मोजून सांगितल्यावरच. बेंगळुरूतही रात्रीसाठी पाच लिटरचं मशीन भाड्याने घ्या. तुम्ही पोचायच्या आधी नातवाला ते घरी आणून चालवून बघायला सांगा.

बी-५०३, १.०६
हे फार कामाचं. आम्ही दोन्हीसाठी एकच शोधत होतो.

सी-३०२, १.२०
विषय सोडून बोलतोय, पण पाण्याचा टँकर आला का?

सेक्रेटरी (ए-२०१), १.२१
आला. ऑक्सिजनचं संपू द्या, मग पाण्याचं.

सी-१०३ नाना, रात्री ८.३०
आमच्या मशीनचा निकाल : ६८ टक्के. खोक्यातून काढल्यावर छान निळे दिवे लागले होते. दिवाळीला आकाशकंदील म्हणून लावतो.

बी-५०३, मंगळवार सायं. ७.१५
अपडेट. डीलरने आज दोन मशिनं आणली. फिजिओ ताई स्वतः आल्या, त्यांचे आभार कसे मानू. पार्किंगमध्ये आईंना चालवलं. आधी सव्वादोन किलोचं पल्स. बसून तीनवर ९१. तीनवरच चालल्या तर चौथ्या मिनिटाला ८५. थांबून, दम खाऊन, पाचवर पुन्हा चालवलं, ८९ च्या खाली गेलं नाही. मग सलग दोन लिटरवालं, पाच किलोचं. आकडा चालताना ८७-८८, पण ती ट्रॉली मी ओढतेय आणि आई माझ्यामागे नळीला बांधलेल्या. म्हणाल्या, मी काय गाय आहे का.

सी-१०३ नाना, ७.१८
😄 पण ८९ च का? ९८ करा की. बटण सहावर न्या.

सी-२०१ फिजिओ ताई, ७.२५
सीओपीडीत ८८ ते ९२ एवढंच हवं असतं नाना. काहींना जास्त ऑक्सिजन दिला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस सुस्तावतो, गुंगीत जातो. आकडा वाढवणं हा इथे पराक्रम नाही.

बी-१०४, ७.३१
काय ठरवलं मग?

बी-५०३, ७.४०
पल्सवालं. पण विकत नाही, दोन महिने भाड्याने. चालताना पाच, बसून तीन, विमानातलं डॉक्टर ठरवतील. मेडिफवर सही घ्यायला गुरुवारी साडेअकराला बोलावलंय.

आणि हो, पहिल्याच दिवशी मी घाबरले. आई सवयीने नळी नाकात घेऊनच देवघरात निरांजन लावायला वाकल्या. मी ओरडले तर रुसल्या.

ए-४०४, ७.४४
ओरडलात ते बरोबरच. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटतं त्याला भडकवतो. पदर, नळी, केस. गॅस, निरांजन, उदबत्ती, सगळ्यापासून निदान सात-आठ फूट लांब. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन लावू नका, पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं.

बी-५०३, ७.४८
बाप रे. व्हॅसलीन रोज लावतोय. आजपासून बंद. पण गुरुवारी लिफ्ट बंद आहे ना?

सेक्रेटरी (ए-२०१), ७.५५
आत्ताच लिफ्टवाल्याला फोन केला. तारीख बदलत नाही म्हणतो, पुढची १९ दिवसांनी. पावणेदहापर्यंत आईंना खाली आणा. परत येताना चार वाजेपर्यंत कुणाकडे तरी बसतील.

ए-००२ मावशी, ७.५७
कुणाकडे तरी काय? आमच्याकडे. तळमजला आहे, पायरीसुद्धा नाही. मुगाची खिचडी करते. चार्जर विसरू नका, सॉकेट दिवाणाजवळ आहे. आणि त्या असेपर्यंत देवापुढे लाइटची माळ लावीन, निरांजन नाही.

ए-००२ मावशी, ७.५८
कापूर पण नाही.